प्लॅस्टर निघाले; तपासणी मात्र राहिली

साठी ओलांडलेल्या आई किंवा सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडतात, तळहात टेकवून सावरण्याचा प्रयत्न करतात आणि मनगट मोडते. घरातील मंडळी दुकान, पेढी, शाळा सोडून धावतात. एक्स-रे निघतो, हाड बसविले जाते, प्लॅस्टर चढते. पाच-सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघते, बोटांचे व्यायाम सांगितले जातात आणि 'आता सांभाळून चाला' एवढ्या उपदेशावर प्रकरण मिटते. घरी आल्यावर बोलणे होते ते फरशीविषयी. फरशी गुळगुळीत होती, पाणी सांडले होते, चप्पल झिजली होती. पडणे इतके साधे असताना हाड का मोडले, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. रुग्णालयात नाही आणि घरातही नाही.

हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडल्यावर सशक्त हाड सहसा मोडत नाही. ते मोडले तर हाडाचे बळ कमी झाले असावे, अशी शंका घेणे वैद्यकशास्त्राला क्रमप्राप्त वाटते. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याचा विकार, दुखत नाही, ताप आणत नाही, नेहमीच्या रक्ततपासणीत सहसा दिसत नाही. तो पहिल्यांदा बोलतो तो मोडलेल्या हाडातून. एकदा असे हाड मोडलेल्या व्यक्तीचे दुसरे हाड मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे त्याआधी एखादे हाड मोडलेले असते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळले आहे. म्हणजे या रुग्णांना सूचना आधीच मिळालेली होती. ती वाचली गेली असती, तर त्यांतील काहींचा तरी खुबा वाचण्याजोगा होता.

खुब्याचे हाड मोडणे ही मनगटासारखी सहा आठवड्यांची गोष्ट नसते. वृद्धांमध्ये अशा रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्ण पहिल्या वर्षातच दगावतात. जे सावरतात त्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे विनाआधार चालता येत नाही. जी स्त्री आजवर घराचा कारभार पाहत होती, मंदिराच्या पायऱ्या स्वतः चढत होती, तिला उठण्याबसण्यासाठीही दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागते. म्हणून रुग्णालयातून मनगटाचे प्लॅस्टर निघण्याच्या दिवशी एक प्रश्न शिल्लक राहता कामा नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

हाडांची पुंजी

आपली हाडे बाहेरून दगडासारखी भासली तरी आत सतत मोडतोड आणि बांधकाम चालू असते. तिशीपर्यंत भरणा अधिक आणि खर्च कमी असतो. त्या वयापर्यंत साठलेली पुंजी पुढे आयुष्यभर पुरवायची असते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि पहिल्या काही वर्षांत हा खर्च एकाएकी वाढतो. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती सर्वसाधारणपणे शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे अगोदर येते. त्यामुळे हा खर्चाचा काळही अगोदर सुरू होतो.

ही केवळ परदेशातील चिंता नाही. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात २००९ साली झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील दर एक लाख स्त्रियांमागे वर्षाला १५९ जणींचे खुब्याचे हाड मोडल्याचे आढळले; पुरुषांत हेच प्रमाण १०५ होते. आयुर्मान वाढत आहे, तसतशी अशा रुग्णांची संख्याही वाढणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

न वाचलेल्या सूचना

मनगटाचा हा विशिष्ट फ्रॅक्चर 'कोलीज फ्रॅक्चर' म्हणून ओळखला जातो. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कोलीज यांनी १८१४ साली, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी, केवळ हाताच्या आकारावरून त्याचे वर्णन करून ठेवले. दोन शतके तो ओळखीचा आहे, तरीही त्याच्याकडे पाहण्याची रीत बव्हंशी हाड बसविण्यापुरतीच राहिली.

मणक्याची गोष्ट याहून अवघड आहे. मणके दबून मोडतात, तेव्हा पडण्याचा प्रसंगही घडलेला नसतो. वाकून बादली उचलताना किंवा गादी ओढताना पाठीत कळ येते, चार दिवस शेक घेतला जातो आणि 'वय झाले' म्हणून विषय संपतो. मणक्यांच्या अशा फ्रॅक्चरपैकी सुमारे दोनतृतीयांश कधी निदानापर्यंत पोहोचतच नाहीत. पाठीला येणारा बाक आणि कमी होणारी उंची ही त्यांची खूण असते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा दीड इंचाहून अधिक उंची घटली असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढून पाहणे योग्य ठरते. पदर खांद्यावर बसेनासा झाला, फडताळातील वरचा खण हाताला लागेनासा झाला, या घरगुती तक्रारींमागे कधीकधी हेच कारण असते.

रुग्णालयात काय निसटते

वयस्क स्त्री रुग्णालयात अनेक कारणांनी जात असते. मधुमेहासाठी, रक्तदाबासाठी, गुडघ्यासाठी, मोतीबिंदूसाठी, दम्यासाठी. दर वेळी तिचे वजन होते, रक्त तपासले जाते, छाती तपासली जाते. हाडांची विचारपूस मात्र कोणत्याच विभागाच्या वाट्याला येत नाही. अस्थिशल्यविशारद मोडलेले हाड जोडतात. त्यांचे काम उत्तम पार पडते. मधुमेहाचे डॉक्टर साखर पाहतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे पन्नाशीनंतर बहुतेकींचे थांबलेले असते. प्रत्येकाला वाटते, हाडांची तपासणी दुसऱ्या कोणी सांगितली असेल. यात निष्काळजीपणा कोणा एकाचा नसतो. काम कोणाच्या नावावर चढविलेलेच नसते.

कागदांचीही तीच कथा. डिस्चार्ज कार्डावर 'मनगटाचा फ्रॅक्चर, प्लॅस्टर' असे लिहिलेले असते. 'ऑस्टिओपोरोसिसची शंका, हाडांची घनता तपासावी' ही ओळ त्यावर क्वचित दिसते. खोकल्यासाठी बाजूने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत किंवा पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मणके दिसत असतातच. त्यांतील एखादा चपटा झालेला असेल आणि अहवालात तसा उल्लेख झाला, तर वेगळा खर्च न करता निदानाची वाट सापडू शकते. परंतु एक्स-रे ज्या कारणासाठी मागविला तेवढेच उत्तर देण्याची सवय असते. अहवालात उल्लेख झाला तरी तो वाचून पुढचे पाऊल टाकणारा कोणीतरी लागतो.

दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा त्वचेच्या जुनाट विकारासाठी तीन महिने अथवा त्याहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडते. या औषधाने हाडे झपाट्याने क्षीण होऊ शकतात. औषध लिहून देण्याच्या वेळीच हाडांच्या रक्षणाचा विचार व्हावयास हवा, आणि रुग्णाच्या घरच्यांनी तशी विचारणा करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

ग्लासगोची नोंदवही

या निसटण्यावर एक साधा इलाज स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९९ साली सुरू झाला. तिथल्या डॉक्टरांनी नवे औषध शोधले नाही. त्यांनी रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिका नेमल्या आणि त्यांच्यावर एकच जबाबदारी सोपविली. पन्नाशीपुढील जो कोणी हाड मोडून रुग्णालयात येईल, त्याचे नाव नोंदवायचे, त्याला भेटायचे, हाडांची घनता तपासण्यासाठी वेळ ठरवून द्यायची आणि निष्कर्ष आल्यावर उपचाराची शिफारस त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पोहोचवायची. या व्यवस्थेला 'फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस' असे नाव पडले. लायझन म्हणजे दुवा. अस्थिशल्यविभाग, तपासणी विभाग आणि कुटुंबाचे डॉक्टर यांच्यामध्ये सुटलेला दुवा जोडणारी ती व्यवस्था होय.

पहिल्या अठरा महिन्यांतच तिथल्या परिचारिकांनी ४,६०० हून अधिक रुग्णांची विचारपूस केली. ज्यांची घनता तपासली गेली, त्यांपैकी पाचांतील चौघांहून अधिक जणांच्या हाडांत घट आढळली. याचा अर्थ असा की, हाड मोडून आलेल्या वयस्क रुग्णांत शोध घेणे म्हणजे अंधारात चाचपडणे नव्हे. शोधले की सापडतेच. पुढे २०११ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी या सेवेचा जमाखर्च मांडला. त्यांच्या गणिताप्रमाणे दर एक हजार रुग्णांमागे अठरा फ्रॅक्चर टळतात, त्यांत अकरा खुब्याची, आणि परिचारिकेचा पगार, तपासण्या व औषधे यांचा सर्व खर्च वजा जाता काही रक्कम शिल्लकच राहते. व्यापारी कुटुंबातील वाचकांना याहून अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता नसावी.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातील कायझर परमनेन्टे या आरोग्यसंस्थेनेही अशीच मोहीम राबविली. तिथे अपेक्षित संख्येच्या तुलनेत खुब्याचे फ्रॅक्चर सुमारे ३७ टक्क्यांनी घटल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनने २०१२ साली 'कॅप्चर द फ्रॅक्चर' हा उपक्रम सुरू करून अशा सेवेसाठी तेरा निकष ठरवून दिले. हे निकष पाहिले तर ध्यानात येते की त्यांचा भर यंत्रांवर नाही. रुग्ण ओळखला का, किती दिवसांत तपासला, मणक्याचे फ्रॅक्चर शोधले का, पडण्याचा धोका पाहिला का, औषध सुरू झाले का, वर्षभराने ते चालू आहे का, या साऱ्याची नोंद ठेवली का, असे हे प्रश्न आहेत.

तपासणी कशी आणि कोणाची

हाडांची घनता मोजण्याची मान्य पद्धत म्हणजे डेक्सा स्कॅन. रुग्णाने मेजावर स्वस्थ पडून राहावे लागते. सुई नाही, बंद नळी नाही, वेदना नाही. दहा-पंधरा मिनिटांत कमरेचे मणके आणि खुबा यांचे मोजमाप होते आणि किरणांची मात्रा अत्यंत अल्प असते. अहवालात 'टी-स्कोअर' नावाचा आकडा येतो. तरुण निरोगी व्यक्तीच्या हाडांशी केलेली ती तुलना असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरविलेल्या मोजपट्टीनुसार उणे १ किंवा त्याहून वर असल्यास घनता सामान्य, उणे १ आणि उणे २.५ यांच्या दरम्यान असल्यास घटलेली, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजला जातो. मात्र किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर आकडा थोडा बरा आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. मोडलेले हाड हाच मोठा पुरावा असतो.

हाड मोडलेले नसतानाही तपासणी कोणाची व्हावी? अमेरिकेतील आरोग्यविषयक सल्लागार मंडळाने पासष्ट वर्षे व त्यापुढील सर्व स्त्रियांची तपासणी सुचविली आहे. रजोनिवृत्त झालेल्या, पण पासष्टीच्या आतील स्त्रियांच्या बाबतीत धोका पाहून निर्णय घ्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याकडे रजोनिवृत्ती लवकर येत असल्याने या दुसऱ्या गटाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठात २००८ साली तयार झालेली 'फ्रॅक्स' ही गणनापद्धत यासाठी उपयोगी पडते. वय, उंची, वजन, पूर्वी मोडलेले हाड, आईचा किंवा वडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, मद्य, स्टेरॉइड, संधिवात अशी माहिती भरली की पुढील दहा वर्षांत मोठे हाड मोडण्याची शक्यता टक्केवारीत मिळते. घनतेचा आकडा हाताशी नसला तरी ती वापरता येते आणि तिची भारतासाठीची आवृत्तीही उपलब्ध आहे. रुग्णालयातील परिचारिका ही माहिती पाच मिनिटांत विचारू शकते.

अशा छाननीचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये सत्तर ते पंच्याऐंशी वयाच्या १२,४८३ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत सर्व प्रकारच्या फ्रॅक्चरच्या एकूण संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. परंतु खुब्याचे फ्रॅक्चर छाननी झालेल्या गटात २८ टक्क्यांनी कमी झाले. छाननी सर्वच फ्रॅक्चर टाळू शकत नाही, हे त्यातून प्रामाणिकपणे दिसते. सर्वांत घातक फ्रॅक्चर मात्र कमी करू शकते.

एक सावधगिरी येथे नमूद करावीशी वाटते. समाजाच्या शिबिरांत टाचेवर छोटे यंत्र लावून 'हाडांची तपासणी' केली जाते. ती अल्ट्रासाउंडची प्राथमिक चाचणी आहे. तिचा आकडा डेक्साच्या आकड्यासारखा समजू नये. त्यावरून औषध सुरू करू नये, तसेच आकडा चांगला आला म्हणून मनगट मोडलेल्या आईची डेक्सा तपासणी टाळूही नये.

उपचार आणि आपला आचार

निदान झाल्यावर उपचार आहेत, आणि ते परिणामकारक आहेत. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या अलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या, वर्षातून एकदा शिरेवाटे देण्याचे झोलेड्रोनिक ॲसिड, सहा महिन्यांनी एकदा घ्यावयाचे डेनोसुमॅब ही त्यांतील प्रमुख होत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिड सुरू केलेल्या रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एकूण २,१२७ रुग्णांच्या त्या अभ्यासात औषध मिळालेल्या गटात नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी आढळले. या औषधांमुळे जबड्याच्या हाडाला किंवा मांडीच्या हाडाला इजा होण्याचे प्रकार क्वचित घडतात. म्हणून दातांची मोठी कामे आधी उरकून घ्यावीत, मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. डेनोसुमॅब सुरू केल्यावर डॉक्टरांना न विचारता थांबवू नये, कारण अचानक थांबविल्यास मणके मोडण्याचा धोका वाढतो.

जैन कुटुंबांत काही प्रश्न निराळे उद्भवतात आणि ते संकोचाने डॉक्टरांसमोर मांडले जात नाहीत. अलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते. त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचे नाही, चहा-दूध घ्यायचे नाही आणि आडवे व्हायचे नाही. नवकारशी पाळणाऱ्या स्त्रीने ती नवकारशी पारल्यावर घ्यावी आणि मग अर्धा तास थांबून अल्पोपाहार करावा. उकळून गार केलेले पाणी चालते. गोळी आठवड्यातून एकदाच असल्याने उपवासाचा वार वगळून दिवस ठरविता येतो. झोलेड्रोनिक ॲसिड घेण्याच्या दिवशी शरीरात पाणी भरपूर असावे लागते, म्हणून ते चौविहार उपवासाच्या दिवशी किंवा अट्ठाईच्या काळात घेऊ नये. आपल्या तपाची तारीख डॉक्टरांना आधीच सांगावी.

दुसरा प्रश्न औषधाच्या घटकांचा. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते, आणि मऊ कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्यासाठी गोळी, भुकटी असे पर्याय असतात. गोड्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या लायकेनपासून तयार केलेले ड-३ जीवनसत्त्वही मिळते. औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारावे. चालत नाही म्हणून औषधच सोडून देणे आणि ते डॉक्टरांपासून लपविणे, हे मात्र घातक ठरते.

आहाराविषयी सांगायचे तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक आहे. शंभर मिलिलिटर दुधातून सुमारे १२० आणि शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. दूध, दही, ताक, पनीर, नाचणीची भाकरी यांतून आपल्या आहारात पुष्कळ भर घालता येते. अडचण अशी की घरातील वडीलधारी स्त्री सर्वांना वाढून उरलेले घेते, आणि दुधाचा पेला नातवंडांकडे जातो. सूर्यप्रकाशाविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. कोवळ्या सकाळच्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच थोडे असतात, आणि खिडकीच्या काचेतून ते जवळजवळ येतच नाहीत. सूर्य डोक्यावर असताना हात व पाय थोडा वेळ उघड्या उन्हात राहतील असे पाहावे. तरीही हे ध्यानात असावे की हाड एकदा मोडल्यानंतर केवळ दूध आणि ऊन पुरे पडत नाही.

देणगी कशासाठी

आपल्या समाजाने रुग्णालये बांधली, धर्मशाळा बांधल्या, तपासणी केंद्रांना यंत्रे दिली. त्या दानाचा उपयोग असंख्य कुटुंबांना झाला आहे. डेक्सा यंत्र देण्याची इच्छा एखाद्या घराण्याने व्यक्त केली, तर तीही स्तुत्यच. परंतु यंत्राकडे रुग्ण पाठविणारी व्यक्ती नसेल, तर ते दिवसाचे काही तासच चालेल. उधारीची वही कितीही नीट लिहिली, तरी वसुलीला जाणारा माणूस नसेल तर रक्कम हाती येत नाही, हा अनुभव पेढीवरच्या प्रत्येकाला आहे.

म्हणून विश्वस्त मंडळांपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. दहा यंत्रांच्या आधी एका परिचारिकेच्या पगाराची पाच वर्षांची तरतूद करावी. तिच्याकडे एक नोंदवही आणि एक दूरध्वनी असावा. पन्नाशीपुढील हाड मोडून आलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव, वय, कोणते हाड मोडले, कसे पडले, पूर्वी कधी मोडले होते का, स्टेरॉइड चालू आहे का, डेक्साची तारीख आणि आकडा, सुरू केलेले औषध, हे रकाने त्या वहीत असावेत. चार महिन्यांनी आणि वर्षाने तिने फोन करून औषध चालू आहे की नाही, पुन्हा पडणे झाले का, एवढे विचारावे. डिस्चार्ज कार्डावर हाडांच्या तपासणीची एक ओळ छापून घेण्यास तर फारसा खर्चही नाही. या देणगीवर नावाची पाटी लावायला भिंत मिळणार नाही, हे खरे. वर्षअखेरीस मंडळाच्या सभेत मात्र एक आकडा मांडता येईल: आलेल्यांपैकी किती जणींची तपासणी झाली आणि किती जणींचे उपचार चालू आहेत.

घरच्यांनी विचारावे असे

तोवर रुग्णालयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. घरातील पन्नाशीपुढील स्त्रीचे हाड साध्या पडण्याने मोडले, तर सोबत जाणाऱ्या मुलाने, सुनेने किंवा लेकीने प्लॅस्टर निघण्यापूर्वी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. हे हाड ठिसूळपणामुळे मोडले असण्याची शक्यता आहे का? डेक्सा स्कॅन केव्हा आणि कोठे करावा? मणक्यांचा एक्स-रे पाहायला हवा का? हाडांच्या औषधाचा निर्णय कोणते डॉक्टर घेतील? हे सर्व डिस्चार्ज कार्डावर लिहून द्याल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण लिहिलेले पुढच्या डॉक्टरांना वाचता येते.

यासोबत पडण्याची कारणेही पाहिली जावीत. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या औषधाने उठताना येणारी चक्कर, वाढलेला मोतीबिंदू, रात्रीचा अंधार, दुकानावरच्या माडीचा उभा जिना, न्हाणीघरात नसलेला आधाराचा दांडा. फरशीची चर्चा व्हावी, पण या यादीत तिची जागा एकाच ओळीची आहे.

दर वर्षी २० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या दिवसाच्या आसपास दिवाळीची आवराआवर चालू असते आणि उंच स्टुलावर चढणारी बहुधा घरातली वडीलधारी स्त्रीच असते. महिला मंडळांनी त्या आठवड्यात एक छोटा कार्यक्रम ठेवावा: गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांचे हाड मोडले अशा भगिनींची यादी करावी, प्रत्येकीला डेक्सा झाला का असे विचारावे, आणि ज्यांचा झाला नसेल त्यांच्यासोबत रुग्णालयात कोण जाईल, हे त्याच बैठकीत ठरवावे.